खडेकामाची सामाईक खोली : आधी पाणी, मग मोटर

आमच्या वस्तीत दुपारी दोननंतर कोणत्याही गल्लीतून चालत गेलात तर दर तिसऱ्या-चौथ्या उंबरठ्यात एकच चित्र दिसेल. एक बाई, तिच्या शेजारी तिची मुलगी किंवा सासू, पुढ्यात स्टीलचे ताट आणि ताटात चमचमणारे काचेचे खडे. चिमट्याने एक खडा उचलावयाचा, गोंदाच्या थेंबावर बसवावयाचा, नग बाजूला सारावयाचा. मालाड-मालवणीकडचा हा इमिटेशन दागिन्यांचा धंदा मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील कितीतरी घरांत शिरला आहे. मजुरी ग्रोसवर, म्हणजे बारा डझन नगांवर. माल आणून देणारा एक, नेणारा दुसरा, दुकानात विकणारा तिसराच. खडा कोठे घासला, झाळ कोणी दिली, कडी कोणी वळली, यातले काहीच चिकटविणाऱ्या बाईला ठाऊक नसते. डोळे मात्र तिचे जातात.

याच बायकांपैकी काहीजणींनी प्रश्न काढला की, आपण काच चिकटवितो तर खरा खडा का घासू नये? अकीकाचा एक बरा खडा चांदीच्या कोंदणात बसला की त्याचा भाव नगावर ठरतो, ग्रोसवर नाही. प्रश्न साधा होता. त्यातून आम्ही अकरा घरे एकत्र आलो आणि समाजमंदिरामागची बंद खोली सामाईक कामासाठी मागून घेतली. त्या खोलीत आमच्या हातून काय चुकले आणि काय जमले ते येथे सांगत आहोत. आमच्यासारखाच विचार इतर वस्त्यांतही चालू असेल, त्यांचा तरी वेळ आणि पैसा वाचावा.

यंत्र सामाईकच का? दहा बाय बाराच्या घरात दगड कापण्याची करवत ठेवावयाची कोठे, हे पहिले कारण. दुसरे असे की, एका घराला अशी करवत दिवसातून अर्धा तासही लागत नाही. कापणे झटपट होते, वेळ जातो तो घासण्यात आणि घडविण्यात. मोठ्या धंद्यातल्या लोकांनाही हे कळले आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये जानेवारी २०२४ मध्ये ‘भारत रत्नम’ नावाचे भले मोठे सामाईक सुविधा केंद्र सुरू झाले, ते निर्यातीचे दागिने घडविणाऱ्यांसाठी. जे कोट्यधीशांना परवडत नाही ते अकरा घरांना एकेकटे कसे परवडावे! हातातली हत्यारे मात्र ज्याची त्याने ठेवावीत. चिमटा, कानस, छोटी हातोडी, भिंग या वस्तू हाताला सरावतात आणि दुसऱ्याच्या हातात गेल्या की बिघडतात. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकाम आहे, आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत त्यात ठेवलेली आहे. पण ती एकेका कारागिराला, एका घरातून एकालाच. म्हणून हत्यारे घरची, यंत्रे खोलीची, अशी वाटणी आम्ही केली.

आता खोलीविषयी. खोली चांगली आहे, खिडकी मोठी आहे, पण तिची एक भिंत मुलांच्या अभ्यासिकेला लागून आहे. बैठकीत दहावीला बसलेल्या एका मुलीच्या आईने स्पष्टच विचारले, “तुमचे यंत्र घूं घूं करील आणि भिंतीपलीकडे माझी पोर प्रमेय पाठ करील, हे जमायचे कसे?” त्या दिवशी हे बोलणे आम्हांला मोडता घातल्यासारखे वाटले. यंत्राची वेळ अकरा ते पाच ठेवू, तेव्हा अभ्यासिका रिकामीच असते, असे सांगून आम्ही विषय संपविला. आवाजाचा प्रश्न सुटला होता. धुळीचे नावही कोणी काढले नाही.

आमच्या पहिल्या खरेदीच्या यादीत चौदा वस्तू होत्या. मोटर, घासण्याची चाके, सहा इंची करवत, पॉलिशची चकती, चांदी दाबण्याचा रोलर, गॅसची फुंकणी वगैरे. त्यात पाण्याची टाकी नव्हती. धूळ ओढणारा पंखाही नव्हता. यंत्रे आली त्या दुपारी सगळ्यांनाच उत्साह होता. आयटीआय झालेला आमच्यातला एक मुलगा म्हणाला, पाण्याचे उद्या पाहू, चाक सरळ फिरते का एवढे तरी बघू या. गावाकडून आणलेली एक गारगोटी त्याने चाकाला लावली. मुले जमली, बायका कामे टाकून आल्या. एकाने लावली, मग दुसऱ्याने मागून घेतली. अर्ध्या तासात खिडकीच्या गजावर, डब्यांवर, पोरांच्या केसांवर पिठासारखा पांढरा थर बसला. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात धूळ नुसती तरंगत होती.

आमच्यातले एक काका तेवढ्यात दारात आले. त्यांनी फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर उभी हयात काढली आहे. त्यांनी कोणाला काही न विचारता भिंतीवरचे बटण बंद केले आणि मुलांना बाहेर काढले. त्यांचा सख्खा भाऊ त्याच फाउंड्रीत सांध्यांवरची वाळू झाडायचा. त्याला टी.बी.च्या गोळ्या दोनदा दिल्या गेल्या. खोकला गेला नाही, दम वाढत गेला, शेवटी जिना चढणे बंद झाले. काका म्हणाले, “जी धूळ दिसते ती खाली बसते. जी दिसत नाही ती आत जाते आणि परत येत नाही.” त्यानंतर पाच आठवडे ती मोटर आम्ही चालविली नाही.

या पाच आठवड्यांत आमच्यापैकी तिघे आणंदमार्गे खंभातला जाऊन आलो. अकीकाच्या कामात खंभातचा हात धरणारे गाव आपल्या देशात नाही. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूरच्या बाजूला दगड निघतो, तो तिकडे येतो. वाळवून, भाजून त्याला लाल रंग आणतात, आणि ही रीत हडप्पाच्या काळापासूनची आहे. लोथलला मणी घडविण्याची जागा सापडली ती याच परिसरातली. दगड फोडण्याची पद्धत तर पाहत राहावी अशी. जमिनीत तिरपी रोवलेली टोकदार लोखंडी सळई, तिच्या टोकाला दगड टेकवावयाचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकी टिचकी मारावयाची. हातोडी वरून पडते आणि कपची उडते ती खालच्या सळईच्या बाजूने. आमच्यातल्या एका वहिनींनी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा दगडाचे दोन तुकडे झाले.

पण त्याच गावात दगड घासणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या दम लागून मेले आहेत. विजेवरची चाके घराघरांत आली, घासाई कोरडीच राहिली, आणि धूळ चाकाजवळ बसलेल्यापुरती उरली नाही. चुलीजवळची बाई, पाळण्यातले मूल, शेजारचे घर, सर्वांच्या छातीत ती गेली. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. दगडाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, तेथे गाठी आणि वण होतात. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. एक्स-रेत तो टी.बी.सारखा दिसतो, आणि ज्याला सिलिकोसिस आहे त्याला खरा टी.बी. होण्याचाही धोका जास्त असतो, म्हणून घोटाळा आणखी वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कामगारांचा अभ्यास केला, धूळ जागच्या जागी ओढून घेणारी योजना सुचविली. १९४८ च्या कारखाना कायद्याने हा रोग सरकारला कळविण्याच्या रोगांच्या यादीत घातला होता. परंतु विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असल्याशिवाय तो कायदा लागत नसे, आणि घरातल्या चाकाजवळ दहा माणसे असतात कोठे?

गारगोटी आणि अकीक हेच मुळात असे दगड आहेत की ते जवळजवळ निखळ सिलिका आहेत. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात मोकळी गार फारशी नसते; पण लाव्हा थंड होताना त्या कातळात जी पोकळी राहिली तिच्यात मागाहून पाझरून जे साठले ते म्हणजे ही गारगोटी, अकीक, स्फटिक. (नाशिककडे जाणे झाले तर सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय मुलांना अवश्य दाखवा. आपल्या पायाखाली काय काय दडले आहे ते पाहून डोळे दिपतात. तेथील झिओलाइटचे झुबके मात्र घासण्याच्या कामाचे नव्हेत, ते मऊ आणि ठिसूळ असतात.) रंगाने देखणा पण खिळ्याने ओरखडा उठणारा दगड आम्ही घेत नाही. ज्याने काचेवर ओरखडा ओढता येतो तोच घेतो. म्हणजे आमच्या कामाला जो दगड चांगला तोच छातीला वाईट. यातून सुटका नाही. धूळ उडूच द्यावयाची नाही, एवढाच मार्ग आहे.

परत आल्यावर यादी नव्याने केली. पहिली वस्तू पाण्याची टाकी. चाकावर आणि करवतीवर पाण्याची सतत धार. धार नाही तर बटण दाबावयाचे नाही. पाण्याची जोडणी मोटरच्याच स्विचवर घेतली, म्हणजे विसरण्याचा प्रश्नच नको. पाण्याने बहुतेक धूळ मरते, सगळी मरत नाही. चाकावरून जे तुषार उडतात त्यांतही कण असतात. म्हणून चाकापासून वीतभर अंतरावर पत्र्याचे तोंड आणि त्यामागे ओढणारा पंखा. आम्ही आधी भिंतीत उंच एक्झॉस्ट बसविणार होतो. काकांनी खुर्चीवर बसून दाखविले की, तसे केले तर चाक आणि पंखा यांच्यामध्ये काम करणारीचे नाक येते, सगळी धूळ तिच्या तोंडावरूनच जाईल. छताचा पंखा तर काढूनच टाकला, तो धूळ नुसती वाटत फिरतो. बाहेर जाणारी हवाही सरळ गल्लीत सोडलेली नाही, कारण तेथे मावशींची भाजीची पाटी असते. ती गाळणीच्या पिशवीतून जाते आणि पिशवी ओली करूनच उघडावयाची. अभ्यासिकेच्या भिंतीतली फट सिमेंटने बुजविली. दहावीच्या मुलीच्या आईला बोलावून ते काम तिच्या देखत केले.

पदर तोंडाला बांधला की झाले, अशी पुष्कळांची समजूत आहे. कापडातून हे बारीक कण आरपार जातात. आम्ही चांगले मास्क आणले आहेत, पण ते शेवटच्या आधारासाठी. पाणी बंद पडले आणि मास्क आहे म्हणून काम चालू ठेवले, असे झाले तर त्या दिवशीचे काम रद्द.

झाडू या खोलीत येत नाही. ट्रेमध्ये साचलेला गाळ वाळला की त्याची पुन्हा तीच धूळ होते. म्हणून रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसणे, गाळ ओला असतानाच पिशवीत भरणे. गटारात टाकला तर तो दगडासारखा बसतो आणि मग भांडण वेगळे. घासण्याचे चाकही रात्रभर पाण्यात उभे ठेवावयाचे नाही. खालची बाजू पाणी पिऊन जड होते आणि सकाळी मोटर सुरू होताच चाक डुलते, फुटूही शकते. चाक बसविण्याआधी दोरीने लोंबकळवून लाकडाने हलकेच ठोकावे. घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. चाकावर छापलेल्या फेऱ्यांपेक्षा मोटरच्या फेऱ्या जास्त असता कामा नयेत. आमची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्यांची आहे. आणि पाणी व वीज एका टेबलावर आली म्हणजे अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच. वायरमनने तो नसला तरी चालेल असे सांगितले होते, आम्ही वायरमन बदलला.

काम असे चालते. करवतीच्या पात्याच्या कडेला हिऱ्याची पूड असते, तिने दगडाची चकती कापावयाची. चकतीवर अॅल्युमिनियमच्या सळईने आकार आखावयाचा, पेन्सिलीची रेघ पाण्यात पुसली जाते. मग तुकडा लाखेने काडीच्या टोकाला चिकटवून १०० नंबरच्या चाकावर ढोबळ आकार, २२० वर बाक, नंतर ४०० आणि ६०० वर ओरखडे काढणे, शेवटी चामड्यावर सेरियम ऑक्साइडचा लेप लावून चकाकी. वरून फुगीर, खालून सपाट अशा या खड्याला बाजारात कॅबोशन म्हणतात. पैलू पाडण्याचे यंत्र आम्ही घेतलेले नाही, त्याचा हात बसावयास फार काळ लागतो.

सामाईक खोलीतली खरी भांडणे येथे होतात. १०० नंबरचा एकच कण कोणाच्या नखात अडकून चामड्यापर्यंत गेला की पुढच्या सगळ्यांच्या खड्यांवर ओरखडा उठतो. आपण तासभर घासलेल्या खड्यावर दुसऱ्याच्या घाईची रेघ! पहिल्या महिन्यात दोन घरांचे बोलणे यावरून बंद झाले होते. उपाय खर्चाचा नव्हता. प्रत्येक नंबराला वेगळी बादली, वेगळा ब्रश, वेगळे फडके, त्यांना वेगवेगळा रंग. आणि एका चाकावरून दुसऱ्याकडे जाताना नखांसकट हात धुणे. खडबडीत चाके दाराशी, चामडे खिडकीशी, उलटे कोणी जावयाचे नाही. त्या दोन घरांनी मिळूनच बादल्या रंगविल्या.

चांदीचे टेबल समोरच्या भिंतीला, पाण्यापासून लांब. फुंकणीसाठी व्यापारी वापराचाच सिलिंडर, घरचा लाल सिलिंडर या कामाला चालत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून दाराला उंबरा ठेवलेला नाही आणि खाली जाळीची झरोकी आहे. झाळ कोणती घ्यावयाची यावर आम्ही काटेकोर आहोत. सराफाच्या पाट्यांवर पूर्वी ‘केडीएम’ लिहिलेले असे, ते आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. केडीएम म्हणजे कॅडमियमची झाळ. ती लवकर वितळते, सांधा सुरेख बसतो. पण कॅडमियम ७६७ अंशांवर उकळते, आणि चांदी वितळते ९६२ अंशांवर. म्हणजे ज्योत जरा जास्त झाली की दागिना शाबूत आणि कॅडमियमची वाफ कारागिराच्या छातीत. फुप्फुस आणि मूत्रपिंड दोन्ही जातात. दुकानदाराकडून झाळ घेताना कॅडमियम नसलेली, चांदी-तांबे-जस्ताची, असे बजावून सांगतो आणि बिलावर लिहून घेतो.

झाळल्यावर नग काळा पडतो, त्यावर टांकणखाराची काच बसते. ते काढावयास सोनार गंधकाचा तेजाब वापरतात. अभ्यासिकेच्या मुलांची ये-जा असलेल्या जागेत तेजाबाची बाटली नको, असे बायकांनी ठरविले. त्याऐवजी तुरटीचे गरम पाणी वापरतो. वेळ जास्त लागतो, काम होते. त्यात लोखंडी चिमटा बुडवावयाचा नाही. एकदा बुडविला तर सहा पेंडंटे तांब्यासारखी लाल होऊन निघाली. पॉलिशच्या मोटरवर मोकळा पदर, ओढणी, सुटी वेणी, मंगळसूत्र, काहीच चालत नाही. साखळी तर हातात धरून चाकाला लावूच नये, बोटासकट गुंडाळली जाते. ती लाकडी फळीवर ताणून लावावी. यासाठी दारामागे खिळ्यांवर सहा ॲप्रन आहेत, मागून बांधण्याचे.

आता किसाचे. चांदी कापताना, कानशीने घासताना जो कीस पडतो त्याला पैसे आहेत. झवेरी बाजारात सोनारांच्या दारातली माती गोळा करून धुणारे झारेकरी त्यावरच जगतात. आमच्या खोलीत अकरा जणांचा कीस एकाच टेबलाखाली पडणार, तो कोणाचा? यावर दोन बैठका झाल्या. शेवटी प्रत्येकाने काम सुरू करताना आणि संपविताना चांदी तोलावयाची, वहीत लिहावयाची, घट किती आली ती मांडावयाची. सगळा कीस मात्र एका कुलूपबंद डब्यात, आणि तो विकून येतील ते पैसे चाके व पाती यांच्या खात्यात. वही कोणीही केव्हाही उघडून पाहू शकतो. वही लिहिणारी आमची मुलगी वाणिज्य शाखेत शिकते, एक दशांश ग्रॅमची चूकही ती सोडत नाही, त्यावरून तिच्या मामाशीच तिचे वाजले.

हे काम आपले नव्हे, सोनारांचे आहे, असे वस्तीतल्याच एका वडीलधाऱ्यांनी आम्हांला सुनावले. आम्ही त्यांना कान्हेरीला घेऊन गेलो नाही, पण सांगितले की, बोरिवलीच्या त्या लेण्यांना दान देणाऱ्यांत सोपाऱ्याच्या एका मणिकाराचेही नाव कोरलेले आहे. ते हसले आणि नातवाला पाठवून दिले.

सध्या अकरापैकी नऊ घरे नियमित येतात. दोन घरे पुन्हा ग्रोसच्या कामाकडे गेली, कारण त्यात रोजचे पैसे रोज मिळतात आणि चांदीचा नग विकला जाईपर्यंत थांबावे लागते. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. शनिवारी त्यांच्या मुली येऊन घासाई शिकतात. भोक पाडण्याचे यंत्र घ्यावे अशी मागणी आहे, म्हणजे मणी करता येतील. परंतु मण्याचे भोक पाडताना धूळ कशी धरावयाची हे नक्की होईपर्यंत काका सही करीत नाहीत, आणि त्यांच्या सहीवाचून खरेदी होत नाही. खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे सुरुवातीलाच काढून फाइलला लावला आहे, दरवर्षी नवा काढून जुन्याशेजारी ठेवावयाचा आहे. खोलीची किल्ली दहावीच्या त्या मुलीच्या आईकडे असते. अकराच्या आधी ती देत नाही, आणि पाचनंतर फडके ओले आहे की नाही ते पाहिल्याशिवाय घेत नाही.